कांदिरू: जगाला घाबरवणारा बोटभर मासा

मे महिन्यात गावी गेलं की सकाळचा चहा-नाश्ता आटोपून नदीवर जायचं, हा आमच्या घरचा वर्षानुवर्षांचा शिरस्ता. आमचं गाव गुहागर तालुक्यात. उन्हाळ्यात नदी आटून दगडगोटे उघडे पडतात, पण एका वळणावर कोंड आहे, तिथे कमरेएवढं पाणी टिकतं. पोरं दिवसभर त्यात डुंबतात. यंदा माझी अकरा वर्षांची भाची मात्र काठावरच उभी राहिली. टॉवेल खांद्यावर, चपला पायात, आणि पाण्याकडे नजर लावून.

"मावशी, मी नाही उतरणार. तो मासा असतो ना, जो आत शिरतो."

कुठला मासा म्हणून विचारलं, तर तिने मोबाइलवर पाहिलेला व्हिडिओ सांगितला. पाण्यात उभा असलेला माणूस, त्याच्याकडे सुळकन येणारा पारदर्शक मासा, लाल बाण आणि धडकी भरवणारं संगीत. नदीत लघवी केली की हा मासा धारेचा माग काढत थेट शरीरात शिरतो आणि मग निघत नाही, असं त्यात सांगितलं होतं. तोच व्हिडिओ घरातल्या मोठ्यांच्या ग्रुपवरही येऊन गेला होता, पण मोठ्यांनी तो हसून पुढे ढकलला. लेकराने तो मनाला लावून घेतला होता.

मी जीवशास्त्र शिकवते. "काही नसतं गं तसं" म्हणून तिला पाण्यात ओढणं सोपं होतं. पण अशाने भीती जात नाही, फक्त गप्प बसते. म्हणून आम्ही दोघी पाय पाण्यात न घालता खडकावर बसलो आणि त्या माशाबद्दल बोललो. नंतर घरी तिच्या आईबाबांनी आणि शेजाऱ्यांनीही प्रश्न विचारले. ते सगळं इथे सविस्तर लिहिते आहे.

हा मासा आहे तरी कोण?

त्याचं नाव कांदिरू. दक्षिण अमेरिकेतल्या ॲमेझॉन आणि ओरिनोको या नद्यांच्या खोऱ्यांत तो राहतो. म्हणजे ब्राझील, पेरू, कोलंबिया, इक्वेडोर, बोलिव्हिया हा त्याचा मुलूख. स्पॅनिश बोलणाऱ्या भागात त्याला कानेरो म्हणतात.

कांदिरू हे एकाच जातीचं नाव नाही, आणि पुढचा बराच गोंधळ इथूनच सुरू होतो. आपल्याकडे कुणी नुसतं "कोळंबी" म्हटलं तर कुठली कोळंबी, हे विचारावं लागतं, तसंच हे. ज्याच्या नावाने सगळे घाबरतात तो व्हॅन्डेलिया या गटातला मासा. १८४६ साली फ्रेंच शास्त्रज्ञ व्हॅलेन्सिएन यांनी त्याचं शास्त्रीय वर्णन केलं आणि दोमेनिको व्हॅन्डेली या इटालियन निसर्ग-अभ्यासकाचं नाव त्याला दिलं. अंगाने हा मासा बारीक, लांबुळका, बहुधा आपल्या बोटाएवढा, क्वचित त्याहून बराच मोठा. अंग इतकं पारदर्शक की गढूळ पाण्यात तो दिसतच नाही.

नात्याने तो मिश्या असलेल्या माशांच्या गोतावळ्यातला. आपले मागूर, शिंगाळा, शेंगटी हे सगळे त्याचे लांबचे भाऊबंद. अंगावर खवले नाहीत, तोंडाशी मिश्या, हे घराण्याचं रूप त्याच्याकडेही आहे. शेंगटी जाळ्यातून काढताना तिचा काटा ज्याला लागलाय, त्याला या घराण्याच्या काट्यांचा हिसका वेगळा सांगायला नको. कांदिरूचे काटे मात्र बारीक असतात आणि कल्ल्यांच्या झाकणांवर असतात. रोख मागच्या बाजूला. एकदा रुतले की सहज निसटत नाहीत.

तो खातो काय?

रक्त. निव्वळ रक्त पिऊन जगणारे पाठकण्याचे प्राणी फार थोडे आहेत. काही वटवाघळं तशी आहेत आणि हा मासा तसा आहे. दुसऱ्या जिवाच्या अंगातून आपलं पोषण मिळवणाऱ्या जिवाला परजीवी म्हणतात. आपल्याला जवळची उदाहरणं म्हणजे गुराच्या अंगावरची गोचीड आणि पावसाळ्यात सह्याद्रीत पायाला चिकटणारी जळू.

पण कांदिरू जळूसारखा कुठेही चिकटत नाही. त्याची जागा ठरलेली आहे. ती जागा भाचीला दाखवायला मला दुसऱ्या दिवशीपर्यंत थांबावं लागलं, कारण दुसऱ्या दिवशी घरात तांबोशी आली.

बाजारात मासा घेताना आपण काय करतो? गालाजवळचं झाकण बोटाने उचलतो आणि आत बघतो. लाल असेल तर ताजा, करडा पडला असेल तर शिळा. हे मासे खाणाऱ्या घरात लहान पोरालाही ठाऊक असतं. आत जे लाल दिसतं ते कल्ले, म्हणजे माशाची श्वास घ्यायची जागा. तांबोशीचं झाकण उचलून मी तिला आतल्या कमानी मोजायला लावल्या. एका बाजूला चार. प्रत्येक कमानीवर कंगव्याच्या दातांसारखे लाल, मऊ पदर. ते बोटाने उलटे फिरवले की ओल्या मखमलीसारखे लागतात. हा लाल रंग रक्ताचा. पाणी तोंडातून आत येतं, या पदरांवरून वाहतं, जाताना प्राणवायू रक्ताला देतं आणि झाकणाखालून बाहेर पडतं. मासा हे झाकण सारखं उघडत-मिटत असतो.

कांदिरू नेमका या उघडझापीच्या फटीतून आत शिरतो.

आत गेल्यावर नेमकं काय होतं?

पूर्वी असं मानलं जायचं की तो आत जाऊन कल्ल्याचे मऊ पदर कुरतडतो आणि रक्त शोषतो. २००४ साली जान्सेन झुआनोन आणि इव्हान साझिमा या दोन ब्राझिलियन शास्त्रज्ञांनी हे बारकाईने पाहिलं. त्यांना दिसलं की कांदिरू पदरांच्या नादी लागत नाही. तो थेट कल्ल्यांना रक्त पोचवणाऱ्या मोठ्या धमनीवर दात लावतो. आणि तिथे गेल्यावर त्याला जोर लावून चोखावंही लागत नाही.

असं का, हे समजायला माशाचं हृदय बघावं लागेल. ते असतं गळ्याशी, कल्ल्यांच्या अगदी जवळ. आपल्या हृदयाला चार कप्पे, माशाच्या हृदयाला मुख्य दोनच. आणि त्यातून निघालेलं रक्त सगळ्यात आधी जातं कल्ल्यांकडे, बाकी शरीराकडे नंतर. विहिरीवरच्या पंपाचा पाइप वाडीभर फिरवलेला असतो. शेवटच्या टोकाला पाणी संथ येतं, पण पंपाच्या तोंडाशी पहिल्याच जोडावर भोक पडलं तर कारंजं उडतं. कल्ल्याची धमनी हा तो पहिला जोड. कांदिरू तिथे भोक पाडतो आणि तोंड लावून बसतो. पुढचं काम मोठ्या माशाचं हृदयच करतं. प्रत्येक ठोक्याला त्याच्या पोटात रक्त भरलं जातं.

हे सगळं उरकतं किती वेळात? त्यांच्या निरीक्षणात साधारण ३० सेकंदांपासून जेमतेम अडीच मिनिटांपर्यंत. काटे रुतवून तो जागा पकडतो, पोट भरतो, काटे सोडतो आणि बाहेर पडतो. पारदर्शक अंगातून टम्म फुगलेलं लालभडक पोट स्पष्ट दिसतं.

मी हे वाचलं तेव्हा थक्क झाले होते. डोळ्यांना जेमतेम दिसणारा जीव, वाहत्या पाण्यात, पोहणाऱ्या माशाच्या उघडझाप करणाऱ्या झाकणातून आत घुसतो, अंधारात नेमकी धमनी शोधतो आणि दोन-अडीच मिनिटांत काम संपवून निघतो. यातली एकही गोष्ट त्या व्हिडिओत नव्हती.

मग माणूस यात आला कुठून?

कार्ल फॉन मार्टियस हे जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ १८१७ ते १८२० या काळात ब्राझीलमध्ये फिरले. १८२९ साली त्यांनी लिहिलं की तिथले लोक या माशाला घाबरतात, लघवीच्या वासाने तो येतो आणि मूत्रमार्गात शिरतो, म्हणून पाण्यात उतरताना पुरुष आपलं इंद्रिय दोरीने बांधून घेतात. मार्टियस यांनी स्वतः असा एकही प्रसंग पाहिला नव्हता. ते ऐकीव होतं, आणि तेही एका भाषेतून दुसऱ्या भाषेत येताना ऐकलेलं.

१८५५ साली फ्रान्सिस द कास्टेलनो या फ्रेंच प्रवाशाने आरग्वाया नदीवरच्या कोळ्यांचं म्हणणं नोंदवलं: मासा पाण्यातून उसळतो आणि लघवीच्या धारेवरून वर चढतो. कास्टेलनो यांनी त्याच ठिकाणी हेही लिहिलं की ही गोष्ट पूर्णपणे अशक्य कोटीतली आहे. पुढच्या लोकांनी त्यांचं पहिलं वाक्य उचललं आणि दुसरं सोडून दिलं.

पुढे १८९७ साली ब्रिटिश मत्स्यशास्त्रज्ञ बूलेंजर यांनी एका डॉक्टरचा हवाला दिला. त्या डॉक्टरने इंद्रिय कापलं गेलेला एक पुरुष आणि काही मुलगे पाहिले होते, आणि हे कांदिरूमुळे करावं लागलं असणार, असा त्याचा समज झाला. नंतर ते पिरान्या माशांच्या चाव्यांचं काम असावं, असं मत मांडलं गेलं. १९३० साली युजीन गजर या अमेरिकन अभ्यासकाने तोवरच्या सगळ्या नोंदी गोळा करून एका शस्त्रक्रियेच्या नियतकालिकात मांडल्या. बायकांच्या बाबतीतल्या काही नोंदी त्यांना खऱ्या वाटल्या, पण पुरुषांच्या मूत्रमार्गाबद्दल भक्कम असं फार थोडं हाती लागलं.

या साखळीकडे नीट पाहा. प्रत्येक जण आधीच्याचा हवाला देतो, आणि मागे मागे जात राहिलं तर पहिल्या कडीपाशी डोळ्यांनी पाहिलेला माणूस सापडत नाही. दहा पुस्तकांत आलं म्हणून दहा पुरावे होत नाहीत. एकच ऐकीव गोष्ट दहादा छापली गेलेली असते.

आपल्याकडे धामण गाईच्या पायांना विळखा घालून दूध पिते असं म्हणतात. सापाच्या तोंडाची रचनाच दूध ओढण्याची नाही, तरी हे सांगणारा माणूस शपथेवर सांगतो. त्याने पाहिलेलं नसतं, पण त्याच्या आजोबांच्या शेजाऱ्याने पाहिलेलं असतं. आणि त्यापायी उंदीर खाऊन शेतकऱ्याचं धान्य राखणारी बिचारी धामण काठीने मारली जाते.

लघवीच्या वासाने तो येतो, हे तरी खरं का?

या समजामागे एक तर्क होता आणि तो अगदीच टाकाऊ नव्हता. आपल्या शरीरातला टाकाऊ नत्र लघवीतून युरियाच्या रूपाने जातो. माशांचा बराचसा कल्ल्यांमधून अमोनियाच्या रूपाने जातो. मग कांदिरू अमोनियाचा माग काढत कल्ल्यापर्यंत पोचत असेल, आणि माणसाच्या लघवीने फसत असेल, असं लोकांना वाटलं.

स्टीफन स्पॉट हे अमेरिकन सागरी जीवशास्त्रज्ञ, आणि त्यांचे सहकारी पाउलो पेत्री आणि वर उल्लेख आलेले झुआनोन यांनी हे तपासूनच पाहायचं ठरवलं. त्यांचा अभ्यास २००१ साली प्रसिद्ध झाला. टाकीतल्या कांदिरूंसमोर त्यांनी अमोनिया सोडला, माशाच्या अंगावरचा बुळबुळीत स्राव सोडला, अमिनो आम्लं सोडली आणि माणसाची लघवीसुद्धा सोडली. मासे ढिम्म. जिवंत मासा टाकीत आला की मात्र ते त्याच्यावर झेपावले. वासापेक्षा नजरेने ते भक्ष्य शोधत असावेत, असं यातून दिसलं.

कुणी म्हणेल, टाकीतला मासा आणि नदीतला मासा यांत फरक असतो. असतो, मान्य आहे. पण नदीत तर गंध पोचणं आणखी अवघड. ॲमेझॉन मुखाशी सेकंदाला सुमारे दोन लाख घनमीटर पाणी समुद्रात ओतते. तिची एखादी छोटी उपनदी धरली तरी त्या वाहत्या पाण्यात कपभर लघवीचं काय होत असेल, ते आपण कल्पनेनेच पाहू शकतो.

वलगणीचे मासे चढतात, मग हा का नाही चढणार?

हा प्रश्न माझ्या भाऊजींचा, आणि कोकणातल्या माणसाला तो पडायलाच हवा. पहिल्या पावसात ओढ्याच्या लोंढ्याविरुद्ध, बांधांवरून उड्या मारत मासे वर शेतात येतात. रात्री बत्ती घेऊन ते धरण्यात आमची लहानपणं गेली.

पण वलगणीचा मासा चढतो तो पाण्यात राहून. त्याचं अंग पाण्यात बुडालेलं असतं, शेपटी मारली की तिला रेटायला पाणी मिळतं. बांधावर पाणी पातळ झालं की तोच मासा आडवा पडून तडफडतो आणि आपल्या हाती लागतो. लघवीची धार काही मिलिमीटर जाड, म्हणजे माशाहून बारीक. थोडी खाली गेली की तिचे थेंब सुटतात. तिच्यात माशाचं अंग बुडणारच नाही, मग शेपटी रेटणार कशाला? ती हवेतच हलणार. वर ती धार जोराने खाली येत असते. नळाच्या बारीक धारेला धरून वर चढणारा मासा कुणी पाहिला नाही, तो याच कारणाने.

आणि माणूस पाण्यात बुडून उभा असेल तर? तेव्हा धारेचा प्रश्न उरत नाही, हे खरं. पण मूत्रमार्ग म्हणजे उघडी नळी नाही. त्याच्या भिंती एकमेकींना चिकटलेल्या असतात, लघवीच्या दाबानेच तेवढ्या उघडतात, आणि तेव्हा आतून बाहेर प्रवाह असतो. कल्ल्याचं झाकण स्वतःहून उघडतं, इथे मात्र वाट बळाने फाकवावी लागेल. त्यासाठी माशाजवळ ना हात ना पाय.

"अहो, पण डॉक्टरांनीच तर काढला!"

हा सगळ्यात वजनदार आक्षेप आहे, म्हणून जरा थांबून पाहू.

१९९७ साली ब्राझीलमधल्या इताकोआतिआरा गावच्या एका तरुणावर मनाउस शहरात शस्त्रक्रिया झाली. त्याच्या मूत्रमार्गातून कांदिरू काढला, असं शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांनी जाहीर केलं. तरुणाचं म्हणणं होतं की तो मांडीभर पाण्यात उभा राहून लघवी करत असताना मासा पाण्यातून उसळला आणि धारेवरून आत गेला. आजच्या बहुतेक व्हिडिओंच्या मुळाशी हीच घटना आहे. फोटो होते, दुर्बिणीने केलेल्या तपासणीची चित्रफीत होती आणि मासाही जपून ठेवला होता.

१९९९ साली वर उल्लेखलेले स्पॉट मनाउसला गेले, डॉक्टरांना भेटले आणि डॉक्टरांनी सगळं साहित्य मोकळेपणाने दाखवलं. ॲमेझॉनच्या अभ्यासासाठी असलेल्या तिथल्या राष्ट्रीय संशोधन संस्थेत स्पॉट आणि पेत्री यांनी मासा तपासला. तो १३ सेंटीमीटरहून लांब होता आणि त्याचं डोकं १ सेंटीमीटरहून रुंद. म्हणजे शाळेच्या पट्टीवर बोट ठेवून बघा, एवढं डोकं त्या वाटेने घुसायला हवं होतं. माशाने आतली भिंत चावून वाट काढली असं सांगितलं गेलं होतं, पण कांदिरूचे दात तशा कामाचे नाहीत. मासा काढताना त्याचे काटे छाटावे लागले असंही सांगितलं गेलं होतं, आणि बाटलीतल्या माशाचे काटे जागच्या जागी शाबूत होते.

स्पॉट यांनी कुणावरही खोटेपणाचा शिक्का मारला नाही. जे जुळत नाही ते त्यांनी नोंदवलं आणि निर्णय वाचणाऱ्यावर सोपवला. माझ्या मते हा योग्य मार्ग होता. त्या तरुणाला काहीतरी गंभीर त्रास झाला असणार आणि त्याच्या वेदनेवर शंका घ्यायचं आपल्याला कारण नाही. पण ज्या रीतीने ते घडलं असं सांगितलं गेलं, ती रीत पुराव्यापुढे टिकत नाही. २०१३ साली इर्मगार्ड बाउअर यांनी प्रवाशांच्या आरोग्याविषयीच्या एका नियतकालिकात आजवरच्या सगळ्या नोंदींचा आढावा घेतला. प्रवाशांना या माशाची धास्ती घालायला पुरेसा आधार नाही, असाच त्याचा रोख आहे.

तिथले लोक मग उगाच घाबरतात का?

"अडाणी लोक, काहीही मानतात" असं म्हणणाऱ्यांबरोबर मी नाही. नदीकाठच्या माणसाला नदी आपल्यापेक्षा जास्त कळते. इथे पुन्हा नावाचा घोळ आठवा. कांदिरू-आसू नावाचे दुसरे मासे आहेत. "आसू" म्हणजे तिथल्या तुपी भाषेत मोठा. ते वेगळ्या कुटुंबातले, गुटगुटीत अंगाचे. ते मांसाचे लचके तोडतात, मेलेल्या जनावरांवर तुटून पडतात आणि पाण्यात बुडून मेलेल्या माणसांची प्रेतंही कुरतडतात. नदीतून वर काढलेल्या आप्ताच्या अंगावर अशी भोकं ज्याने पाहिली, त्याच्या मनात "कांदिरू" या शब्दाची भीती बसली तर नवल काय? बाहेरून आलेल्या माणसाने दोन माशांच्या गोष्टी एकाच नावाखाली लिहून टाकल्या, ही चूक लिहिणाऱ्याची.

त्या लोकांकडे यावर औषधही सांगतात. हिरव्या जागुआ फळाचा काढा प्यायला की आत अडकलेला मासा विरघळतो, असं १९४०च्या दशकातल्या एका वैद्यकीय लेखात नोंदवलेलं आहे.

आणि नदीवर वावरणारी माणसं रोज सांभाळतात ते वेगळ्याच जिवाला. ॲमेझॉनच्या उथळ वाळूत गोड्या पाण्यातले पाकट दडून बसतात. चुकून पाय पडला की शेपटीचा विषारी काटा घोट्यात घुसतो. म्हणून तिथे पाऊल उचलून टाकत नाहीत, वाळूतून घसटत पुढे नेतात, म्हणजे पाकट आधीच सटकतो. पाकटाच्या काट्याने जखमी होणारी माणसं तिथे खूप आहेत. त्याचे व्हिडिओ मात्र आपल्या ग्रुपवर येत नाहीत.

म्हणजे असं कधीच, कुणालाच होणार नाही?

"कधीच नाही" हा शब्द विज्ञानात जपून वापरावा लागतो. लहानसा मासा चुकून भलत्या जागी शिरणं, हा अपघात म्हणून अगदीच अशक्य नाही. आपल्याकडे कानात झुरळ जातं, म्हणून झुरळ माणसाचा कान शोधत फिरतं असं आपण म्हणत नाही. कांदिरूचंही तसंच. माणसाच्या शरीरात शिरून त्याला मिळणार काय? तिथे वाहतं पाणी नाही, म्हणजे प्राणवायू नाही. मागे वळायला जागा नाही. तिथे तो मरणारच. असा स्वभाव एखाद्या जातीला असता तर ती जात केव्हाच संपली असती.

आणि आपल्या नद्या?

भाचीचा खरा प्रश्न हाच होता. कांदिरूचं अख्खं कुटुंब फक्त दक्षिण आणि मध्य अमेरिकेत आहे. भारतातल्या कुठल्याही नदीत, ओढ्यात, तलावात तो नाही. मध्ये अख्खा अटलांटिक महासागर आहे, आणि तो गोड्या पाण्याचा मासा आहे.

पण लघवी, नदी आणि परजीवी यांची एक खरी गोष्ट आमच्याच गुहागर तालुक्यात घडलेली आहे, आणि ती मात्र फार थोड्यांना ठाऊक आहे. गिमवी नावाचं गाव. तिथल्या लोकांच्या लघवीतून रक्त जायचं. १९५२ साली गाडगीळ आणि शहा या संशोधकांनी दाखवून दिलं की यामागे शिस्टोसोमा जातीचा, रक्तवाहिन्यांत राहणारा एक कृमी आहे. आफ्रिकेत अशा कृमींचा उपद्रव मोठा आहे. भारतात तो सापडेल असं कुणाला वाटलं नव्हतं.

त्याचं चक्र असं चालतं: आजारी माणसाच्या लघवीतून अंडी पाण्यात पडतात, त्यांतून निघालेले जीव पाण्यातल्या एका छोट्या गोगलगायीत शिरतात, तिथे वाढतात, पुन्हा पाण्यात येतात आणि त्या पाण्यात उतरलेल्या माणसाच्या कातडीतून आत जातात. डोळ्यांना न दिसता. इथे कुणी पाहिलेलं, कुणी ऐकलेलं असा प्रकार नव्हता. लघवीत अंडी दिसली, पाण्यात गोगलगाय सापडली, एकेक दुवा हाताने जोडता आला.

ही गोष्ट सत्तर वर्षांपूर्वीची आहे, आजच्या नदीची भीती घालायला मी ती सांगत नाही. भाचीला सांगितली ती अशासाठी की "पाण्यात लघवी करू नकोस" या आजीच्या सांगण्यामागचं खरं कारण तिला कळावं. त्या कारणाला दात नाहीत, काटे नाहीत, आणि त्याचा व्हिडिओ केला तर कुणी बघणार नाही. कोंडात उतरताना खरं बघायचं ते वेगळंच: खोली किती, खडक निसरडा आहे का, वर पाऊस झालाय का, आणि पोहता येणारं मोठं माणूस जवळ आहे का.

तांबोशीचे कल्ले पाहून झाल्यावर तिने झाकण दोन-तीनदा स्वतः उघडून मिटून पाहिलं. मग विचारलं, "पोट भरल्यावर तो जातो कुठे?"

नदीच्या तळाशी, म्हटलं. जड पोटाने खाली उतरतो आणि वाळूत शिरून पडून राहतो, रक्त जिरेपर्यंत.

"मग तेव्हा त्याला कोण खात असेल?" तिने विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता टॉवेल घेऊन कोंडाच्या वाटेला लागली.